तक्त्यावरच्या खुणा

मी पायाळू आहे. आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आलो. आमच्या भागात अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण उतरते, भरलेली चमक जाते, असं मानतात. दर्यापूरहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. शाळकरी वयापासून मी हे काम केलं. सकाळी उठून बाहेर यावं तर ओसरीवर कुणीतरी पालथं पडलेलं असायचं. त्याच्या कमरेवर उजवा पाय तीनदा टेकवायचा, आणि माणूस वयानं मोठा असेल तर लगेच वाकून त्याच्या पाया पडायचं. थोरल्याला पाय लावला म्हणजे पाप, ते तिथल्या तिथं फेडायचं, असं आईनं शिकवलं होतं. पुढं मी बी.एड. केलं, तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवायला लागलो, तरी लोक येत राहिले. माझा विश्वास होता का, असं कुणी विचारलं की मी हसायचो. पण पाय कधी मागे घेतला नाही. लोकांना बरं वाटायचं. मलाही वाटायचं.

चार वर्षांपासून मी हे बंद केलंय. माझाच गुडघा दुखतो, असं सांगतो. खरं कारण यंदाच्या श्रावणापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. शेती त्यानं पाहिली, नोकरी मी केली, घर एकच राहिलं. हा दादा गेली चार वर्षं रोज रक्त पातळ करायची गोळी घेत होता. आयुष्यभर घ्यावी लागेल, असं त्याला सांगितलेलं होतं. आणि यंदा त्याच गोळीनं त्याचं रक्त आतून वाहायला लागलं. ती गोळी त्याला जन्माची लागली ती माझ्या एका खोट्यामुळं. आता हे लिहिताना सोपं दिसतं. चार वर्षं ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं.

करोनाची दुसरी लाट होती. दादाला अकोल्याच्या एका दवाखान्यात बारा दिवस ऑक्सिजनवर ठेवलं होतं. त्याच्या शेजारच्या खाटांवरची तीन माणसं त्या बारा दिवसांत गेली. रोज त्याच्या पोटावर एक इंजेक्शन देत, बेंबीच्या दोन्ही बाजूंना निळे-काळे डाग पडले होते. ते पाहून मी घाबरलो तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरनं थांबून मला समजावलं. त्याला थांबायला वेळ नव्हता, तरी थांबला. हा विषाणू नुसता फुप्फुसात बसत नाही, म्हणाला, रक्त घट्ट करतो, गाठी धरतात, आणि पायातली गाठ सुटली तर थेट छातीत जाते. म्हणून हे इंजेक्शन. घरी सोडताना त्यानं कागदावर एका गोळीभोवती पेनानं गोल केला.

"सर, बाकी एखादी इकडंतिकडं झाली तर चालून जाईल. ही महिनाभर चुकवायची नाही. आणि काहीही वाटलं तर या नंबरवर फोन करा."

म्हणजे मला सांगितलेलं होतं. नीट, मराठीत, समोर उभं राहून. हे मी मुद्दाम लिहितोय. मास्तरला कुणी सांगितलं नसेल, बिचाऱ्याला काय माहीत, असं माझ्या बाजूनं कुणी बोलू नये म्हणून.

घरी मीच होतो. माझी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला गेली होती आणि तिथंच अडकली. वहिनींचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला, त्या मागच्या खोलीत. शाळा बंद. तेव्हा दादाच्या औषधपाण्याचं सगळं माझ्याकडं आलं. सकाळच्या नऊ गोळ्या, दुपारच्या चार, रात्रीच्या सहा. मी चार्टपेपर घेतला, पट्टीनं रेघा मारल्या, तारखा टाकल्या आणि तक्ता दाराला टाचला. शेजारी डॉक्टरचा नंबर लिहिला. गोळी दिली की लाल पेनानं बरोबरची खूण.

दादा खाटेवरून तो तक्ता पाहायचा. "मास्तर, मले पास करून राहिला का नापास?"

"हजेरी भरली की पास."

"मंग लाव हजेरी. पानी दे."

तो हात पुढं करायचा, मी तळहातावर गोळ्या ओतायचो, तो एका घोटात सगळ्या गिळायचा. कोणती कशाची, त्यानं कधी विचारलं नाही.

घरी येऊन आठवा दिवस होता. अकोल्याकडचा मे महिना, बाराच्या सुमाराला कूलरसुद्धा गरम हवा फेकतो. दादा खाटेवर बसून टरबूज खात होता आणि एकदम त्याच्या बनियनवर लाल ठिपके पडायला लागले. मला आधी टरबूजच वाटलं. मग पाहिलं तर नाकातून धार.

वहिनी तोंडाला पदर लावून दारात आल्या. "भाऊजी, घोळणा फुटला. कांदा फोडून नाकाशी धरा. इतक्या गरम गोळ्या खाऊन राहिले ते, मंग काय होईन?"

"तू जाय आत," दादा मान वर करून म्हणाला. "नवी गोष्ट हाय का? उन्हाळ्यात कोनाचं नाक फुटत नाही?"

ते खरं होतं. आमच्याकडं उन्हाळ्यात अर्ध्या वर्गाचा घोळणा फुटतो, मी शाळेत कांदाच ठेवायचो कपाटात. डोक्यावर पाणी थापलं, कांदा धरला, धने-खडीसाखरेचं पाणी पाजलं. थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आलं. पहिल्यापेक्षा जास्त.

आता माझं गणित पाहा. गोळी रक्त पातळ करायची. नाकातून रक्त चाललंय. म्हणजे रक्त पुरेसं पातळ झालंय. शाळेतलं पोरगंसुद्धा हेच उत्तर काढेल. नंबर माझ्या नाकासमोर दाराला होता. मी लावला नाही.

का लावला नाही, याचं एक कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत आलो. घरी येताना दादा गाडीत म्हणाला होता, "मास्तर, आता तिकडं नेजो नको मले. मराचं तं घरी मरतो." फोन केला तर ते बोलावतील, बोलावलं तर त्याला न्यावं लागेल, ही भीती होती. ती खरी होती. पण दुसरंही होतं. त्या महिन्यात सगळं घर, शेजार, पाहुणे मलाच फोन करून विचारत होते, काय द्यावं, काय देऊ नये. मला वाटायला लागलं होतं की मला समजतं. त्यात मजा होती. माणसं मरत होती आणि मला त्यात मजा वाटत होती, हे लिहायला बरं नाही, पण होतं तसं लिहितो.

त्याच्याही दुसऱ्या दिवशी सकाळच्या नऊ गोळ्यांतली एक मी बाजूला ठेवली. दादाला आठ दिल्या. त्याला कळायचं कारणच नव्हतं.

आणि तक्त्यावर खूण केली. त्या गोळीच्या रकान्यातसुद्धा.

ती खूण का केली? वहिनी येता-जाता तक्ता पाहायच्या, रिकामा रकाना दिसला तर विचारतील, असं वाटलं असेल. किंवा पंचवीस वर्षं हजेरीपट भरणाऱ्या हाताला रिकामा चौकोन सहन होत नसेल. दोन दिवसांत नाक थांबलं आणि मी माझ्यापुरता शहाणा ठरलो. चार दिवसांनी सुरू करू, म्हटलं. चार दिवस झाले. नाक कोरडं होतं, कशाला छेडायचं. मग रोज आठ गोळ्या आणि रोज नऊ खुणा.

एकोणिसाव्या दिवशी दादानं हाक मारली. "मास्तर, डाव्या पोटरीत गोळा आला रे. जरा पाय दे."

मी पाहिलं. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड दिसत होती, कातडी ताणलेली, चकचकीत. हात लावला तर गरम. तेव्हा त्या तरुण डॉक्टरचे शब्द मला आठवले. नव्हते आठवले असं मी स्वतःशीसुद्धा बोलत आलोय, म्हणून हे इथं लिहायला हवं. आठवले होते. पायातली गाठ सुटली तर थेट छातीत. आठवले आणि मी ते बाजूला सारले, कारण ते खरे धरले असते तर गोळी बंद करणंही चूक धरावं लागलं असतं.

दादा पालथा झाला. मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो आणि उजव्या पायानं त्याची पोटरी दाबली, टाचेकडून वर. तीनदा टेकवून थांबलो नाही. त्याला बरं वाटत होतं, "आणखीन दे, जोरानं दे" म्हणत होता. नंतर तिळाचं तेल कोमट करून हातानं चोळलं. झाल्यावर वाकून त्याच्या पाया पडलो. त्यानं हसून लाथ मारल्यासारखं केलं. "तुह्यं हे बराबर हाय. अंगावर नाचायचं आन मंग पाया पडायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळीही चोळलं. त्या दुपारी तो न्हाणीत गेला आणि बाहेर येताना भिंत धरून खाली बसला. ओठ निळे. "श्वास येऊन नाही राहिला," एवढंच म्हणाला. बोटाला यंत्र लावलं तर आकडा ब्याऐंशीवर. शेजाऱ्याच्या मालवाहू गाडीत गादी टाकली, त्याला अर्धवट बसवून धरला आणि अकोल्याकडं निघालो. निघताना दवाखान्याची फाईल उचलली आणि दारावरचा तक्ताही ओढून घेतला. घाईत हाताला लागेल ते घेतो माणूस. अर्धा तास मी त्याचं डोकं माझ्या छातीशी धरून होतो आणि त्याच्या छातीत काहीतरी शिट्टीसारखं वाजत होतं.

तिथं त्याला आत नेलं. छातीचा मोठा फोटो काढला. फुप्फुसाच्या नळीत गाठ, पायातही गाठ. एक वयस्कर डॉक्टर बाहेर आले, मास्कमुळं त्यांचे नुसते डोळे दिसत होते, लाल झालेले.

"ती गोळी चालू होती ना? मधे बंद वगैरे?"

मी तक्ता पुढं केला. खोटं बोलायला मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. त्यांनी रकान्यावरून बोट फिरवलं.

"असे नातेवाईक पाहिजेत," म्हणाले. "पायाला चोळलं-बिळलं काही?"

"नाही."

हा एकच शब्द मी उच्चारला. त्यांनी लिहून घेतलं आणि आत गेले.

दादा वाचला. अकरा दिवसांनी परत आला. पण त्या लिहिण्यानं पुढची वाट ठरली. गोळी नियमित चालू असताना गाठ झाली, म्हणजे रक्तातच काही खोड असणार, असा सगळ्या डॉक्टरांचा तर्क. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही, पण संशय कागदावर राहिला. धोका नको म्हणून गोळी कायमची. डावा पाय सुजकाच राहिला. सकाळी उठल्यावर मांडीपर्यंतचा घट्ट मोजा चढवायचा, दुपारी पाय उशीवर ठेवायचा. ओलिताला रात्रंदिवस उभा राहणारा माणूस बांधावर खुर्ची टाकून बसायला लागला.

मी त्या रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी सांगू, असं ठरवलं होतं. मग तो घरी आल्यावर. मग जरा ताकद येऊ दे. मग पेरणी होऊ दे. नंतर ठरवणंच सोडलं.

सगळ्यात वाईट म्हणजे दादा मला श्रेय द्यायचा. लग्नात, तेरवीत, पारावर, कुठंही. "माह्या भावानं वाचवलं मले. एक गोळी चुकू देल्ली नाही, गाडीत मांडीवर घेऊन नेलं." लोक माझ्याकडं वळून पाहायचे. मी पाणी प्यायला उठायचो. एकदा तर एका बाईनं आपल्या सुनेला सांगितलं, असा दीर असावा. त्या दिवशी मी जेवलो नाही, पोट बरं नाही म्हणालो.

गोळीचा त्रास हळूहळू दिसायला लागला. दात घासताना हिरड्यांतून रक्त. विळा लागला तर अर्धा दिवस कपडा बांधून बसणं. यंदा मात्र खालून रक्त जायला लागलं. आमच्याकडचे पुरुष हे सांगत नाहीत. त्यानं दोन महिने लपवलं. वहिनींना वाटलं, वयामुळं थकला. मला वाटलं, उन्हामुळं. श्रावणात तो ओसरीच्या तीन पायऱ्या चढताना मधल्या पायरीवर थांबला तेव्हा मी त्याचे डोळे खाली ओढून पाहिले. पांढरे. अमरावतीला नेलं, दोन बाटल्या रक्त चढवलं, आतून दुर्बीण घालून पाहिलं. आतड्यात एके ठिकाणी रक्त झिरपत होतं. एरवी एवढ्यानं काही झालं नसतं, म्हणाले, पण या गोळीमुळं थांबत नाही.

मग एका डॉक्टर बाईंकडं पाठवलं. पस्तिशीच्या असतील. त्यांनी दादाची सगळी फाईल, अकोल्याचे जुने कागद धरून, आमच्यासमोर बसून वाचली. असं कुणी वाचताना मी पाहिलं नव्हतं. पायाच्या शिरांची सोनोग्राफी केलेली होती, जुन्या गाठीचे व्रण होते, नवं काही नव्हतं. दादा तपासणीच्या पलंगावर बसून मोजा पुन्हा चढवत होता.

"माझी अडचण सांगते काका," त्या म्हणाल्या. "गोळी चालू ठेवली तर रक्त जाणार. पुढच्या वेळी कदाचित इतका वेळ मिळणार नाही. आणि बंद करायला मला भीती वाटते, कारण तुमची गाठ गोळी चालू असताना झालेली आहे. अशा माणसाला उघडं सोडता येत नाही."

"चालूच होती म्याडम," दादा म्हणाला. "ह्या मास्तरनं एक दिवस खाडा होऊ देल्ला नाही. तक्ता टाचलता दाराले."

त्या माझ्याकडं वळल्या. नेहमीचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "नक्की? एकही नाही ना सर?"

चार वर्षांत हा प्रश्न मला सात-आठ जणांनी विचारला असेल. मान हलवायची सवय झाली होती. त्या दिवशी मान हलली नाही. त्यात धीर वगैरे काही नव्हता. मी थकलो होतो, आणि समोर तो पांढरा पडलेला बसला होता.

"दिली नव्हती," मी म्हणालो. "अकरा दिवस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय?"

"नाकातून रक्त आलं होतं. मी बंद केली. खुणा खोट्या आहेत."

"कुणाला विचारून?"

"कुणाला नाही."

दादाचा हात मोज्यावर थांबला नाही. तो सावकाश, एक एक सुरकुती काढत मोजा गुडघ्यावर ओढत राहिला. बाईंनी कोरा कागद घेतला. "सुरुवातीपासून सांगा. तारखेनं."

तारखा मला पाठ होत्या. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. तेल आणि पायानं दाबणं सांगितलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मी विचारलं, त्यानंच गाठ सुटली का.

"त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. नाही झालं असंही म्हणणार नाही. सुजलेली पोटरी चोळायची नसते, एवढं आता लोकांना सांगा." मग कागदाकडं पाहत त्या म्हणाल्या, "हे असं असेल तर सगळं वेगळं होतं. आजारात पडून राहिलेला माणूस, रक्त घट्ट करणारा विषाणू, आणि औषध तुटलेलं. गाठ व्हायला कारण होतं. अशा पेशंटची गोळी बहुतेक वेळा काही महिन्यांनी आम्ही थांबवून बघतो."

"म्हणजे हे चार वर्सं?" दादानं विचारलं.

"कदाचित लागली नसती."

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी लिहिलेला कागद पुन्हा वरून खाली वाचला. मग दादाला म्हणाल्या, "काका, आता गोळी थांबवली तर ती मी यांच्या शब्दावर थांबवणार. यांचे दोन शब्द झालेत माझ्याकडं, एक तेव्हाचा आणि एक आजचा. जीव तुमचा आहे. तुम्ही सांगा."

दादानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "आजचा खरा कशावरून?"

माझ्याकडं काही नव्हतं. उरलेल्या गोळ्या मी त्याच आठवड्यात चुलीत टाकल्या होत्या. "मी शपथ घेऊ शकतो," म्हणालो, आणि म्हणताना मलाच ते पोकळ वाटलं.

"शपथ राहू दे." तो पलंगावरून उतरला, चपला शोधल्या. "बंद करा म्याडम. आपलीच इज्जत जाईन असं खोटं कोन बोलते? तवा बोलला ते सोताले वाचवाले बोलला. आज वाचवाले काय उरलं याच्यापाशी?"

दवाखान्यासमोर चहाची टपरी होती. तो बाकड्यावर बसला, पाय समोरच्या विटांवर ठेवला. मी उभाच राहिलो. त्यानं दोन चहा सांगितले, म्हणून मी बसलो.

"पायाचं तुह्यावर नाही," तो म्हणाला. "म्याच म्हनलो होतो, पाय दे. सूज मलेबी दिसत होती. ते दोघायचं."

त्यानं विटांवरचा पाय जरा सरकवला.

"गोळीचं तुह्यावर हाय."

"हो."

"नाक फुटलं, तू भेलास, बंद केली. तेबी समजते मले. मी असतो तं मीबी केली असती." त्यानं चहा फुंकला. "पन अकोल्याले तुले इचारलं तवा काहून नाही सांगतलं? तवा सांगतलं असतं तं म्या तुले चार शिव्या देल्या असत्या. महिनाभर बोललो नसतो. झालं असतं निपटलं. आता चार वर्सं तुह्यं नाव घेत फिरलो मी गावात. आता काय करू तुह्यं?"

चहा संपला. उठताना तो म्हणाला, "घरी तूच सांग. मी सांगनार नाही."

मी सांगितलं. वहिनी आंबाडीची पानं खुडत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मधे त्या थांबल्या नाहीत. संपल्यावर पानं टोपल्यात लोटून त्यांनी विचारलं, "भाऊजी, चार वर्सं तुमाले जेवन कसं गेलं हो?"

"गेलं, वहिनी."

तेवढंच खरं होतं. तो एक दिवस सोडला तर मी रोज जेवलो होतो. माझ्या बायकोला हे वहिनींकडून कळलं. ती म्हणाली, मला तरी सांगायचं. त्यापुढं तिनं विषय काढला नाही, आणि अजून काढत नाही.

गोळी बंद झाली. बाईंनी सांगितलं होतं, पहिले दोन महिने रोज सकाळी उठल्या उठल्या दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजायच्या, गुडघ्याखाली चार बोटं सोडून. आकडे लिहून ठेवायचे. डावी थोडी जास्त भरणारच, पण रोजच्यापेक्षा वाढली, दुखली, किंवा दम लागला तर तडक यायचं. टेप वहिनी लावायच्या. आकडा त्या मोठ्यानं वाचायच्या, दादा तो पुन्हा म्हणायचा, मग मी वहीत लिहायचो. लिहून झालं की दादा वही मागायचा. चष्मा लावून आकडा बघायचा आणि वही परत द्यायचा. माझ्याशी बोलणं एवढंच. उजवी छत्तीस, डावी साडेअडतीस. सोळा दिवस हेच आकडे.

सतराव्या दिवशी वहिनी तिवस्याला माहेरी गेलेल्या होत्या. त्या दिवशी पुढं पुन्हा सोनोग्राफी करावी लागली आणि तीत काही निघालं नाही, हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगायला नको. पण त्या सकाळी ते ठाऊक नव्हतं. मी वही घेऊन दाराशी थांबलो. दादा खाटेवर बसला होता. त्यानं पायजमा वर केला आणि पाय पुढं केला.

मी खाली बसून टेप लावला. चार वर्षांनी त्या पोटरीला माझा हात लागत होता. उजवी छत्तीस. डावी मोजली आणि आकडा वाचायला मला वेळ लागला. एकोणचाळीस. अर्धा सेंटीमीटर. टेप जरासा तिरपा झाला असेल, आदल्या दिवशी तो तुरीत बराच वेळ उभा होता, किंवा वहिनी जरा आवळून धरत असतील. साडेअडतीस म्हटलं असतं तर तेही जवळपास खरंच होतं. हा विचार माझ्या मनात आला, चांगला सावकाश आला, हेही लिहून ठेवतो.

"एकोणचाळीस," मी म्हणालो. "अर्ध्यानं जास्त आहे."

"पुन्हा मोज."

मी टेप काढला, चार बोटं पुन्हा नीट मोजली, सरळ लावला. एकोणचाळीसच भरले.

दादानं पायजमा खाली केला. "मंग चाल. अमरावतीची गाडी पाह्य." मी उठलो तसा तो म्हणाला, "आन तुह्या वहिनीले फोन कर, का आपन जाऊन राहिलो म्हनून. काहून जाऊन राहिलो तेबी सांग."